घंटीभर पाणी

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायकलीत हवा भरत होतो. त्याच्याकडेच निघालो होतो. आदल्या दिवशी त्यानंच माझ्या पुढच्या चाकाचे छर्रे बदलून, ग्रीस भरून दिलं होतं आणि म्हणाला होता, "ब्रेक राहिलाय मास्तर. उद्या मशीनवरनं आलो की बघूया. दुपारी ये." मशीन म्हणजे डायलिसिसचं मशीन. त्या मशीनवरून तो परत आलाच नाही. त्याच्या मुलाचा, प्रशांतचा आवाज होता. "काका, बाबा गेले. मशीन चालू असतानाच…" मी पंपाचा दांडा हातात धरून तसाच उभा राहिलो. अशा वेळी माणसाला रडू येतं, जुन्या गोष्टी आठवतात असं म्हणतात. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता मला चहा मागायला लागणार! मयताच्या दारात, सगळ्या भावकीच्या देखत, तोंड वर करून चहा मागायचा. तसा शब्दच त्यानं माझ्याकडून घेतला होता. हा माणूस जन्मभर मला अडचणीत टाकत आला आणि जातानाही टाकूनच गेला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भेटायला आलेला माणूस तिथे पाण्याचा घोटही घेत नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. भावकीतून पिठलं-भाकरी येते, कडू घास म्हणून घरच्यांना दोन घास बळंबळं खायला लावतात आणि आलेली माणसं घटकाभर बसून कोरड्या तोंडाने उठतात. असं का करतात ते मला विचारू नका. आमच्या वाडवडिलांनी केलं, आम्हीही करतो. मग अशा घरात चहा मागायला लावणारा हा सदा कोण, आणि त्याला ही अवदसा कुठून आठवली, हे सांगायचं तर थोडं मागून सांगायला हवं.

आम्ही दोघे मुरगूडचे. शेजारी शेजारी घरं, शाळेला जायला दोघांत मिळून एक सायकल. तो चालवायचा, मी पुढच्या नळीवर बसायचो, कारण तो अंगाने दांडगा आणि मी म्हणजे काडी. पुढे मी मास्तर झालो आणि कोल्हापुरात एका हायस्कुलात भूगोल शिकवत राहिलो. सदाही तिथेच फौंड्रीत लागला. साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं काम. त्या भट्टीसमोर उभं राहिलं की अंगातलं पाणी आटतं. तिथली माणसं पाणी पीत नाहीत, अंगात ओतून घेतात. सदा तांब्या तोंडापासून वीतभर वर धरायचा आणि एका दमात रिकामा करायचा, घशाची घाटीसुद्धा हलताना दिसायची नाही. त्याची आई म्हणायची, "ह्येच्या पोटात हीर हाय का काय, कुणास दक्कल!" लग्न झाल्यावर सुमनवहिनींनी त्याची ही तहान ओळखली आणि स्वयंपाकघरात माठाऐवजी तांब्याची मोठी घागर ठेवली. सकाळी भरायची, संध्याकाळी पालथी घालायची. कामावरून आला की हा गडी चप्पलही न काढता आधी घागरीपाशी. वहिनी ओरडायच्या आणि हा पीत राहायचा.

रिटायर झाल्यावर माणसं एक तर देवळाच्या पायरीवर बसतात, नाहीतर घरच्यांच्या डोक्यावर. सदाने घरामागे पत्र्याची शेड मारली आणि गल्लीतल्या मोडक्या सायकली तिथे गोळा केल्या. आमच्या वयाच्या माणसांच्या सायकली त्या, गंजलेल्या, वर्षानुवर्षं माळ्यावर टाकलेल्या. त्याने त्या उतरवायला लावल्या. कुणाची चेन रॉकेलात बुडवून ठेवलेली, कुणाचं लचकत फिरणारं चाक आऊट काढायला, म्हणजे सरळ करायला टांगलेलं, आणि कोपऱ्यात छोट्या शेगडीवर चहाचं आधण. तिथला कायदा एकच होता. दारात सायकल आली की आधी चहा, मग पंक्चर. कुणी "नको, आत्ताच घेऊन आलोय" म्हणालं की सदा पाना उगारायचा. "माझ्या दारातनं कोरडा गेलास तर जोडलेलं चाक परत खोलीन." एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला आमचा इब्राहिम असाच एका दुपारी टायर दाखवायला आला, चहाला बसला आणि मग रोजच यायला लागला. आम्ही तिघे तिथे काय बोलायचो म्हणाल तर काहीही नाही. वांग्यात कूट कधी घालायचं, कांदा-लसूण मसाला यंदा कुणाचा चांगला जमलाय, कुठल्या कंपनीची ट्यूब टिकते, गुडघ्याला काय लावायचं… मास्तरकीत मी तीस वर्षं बोललो असेन, पण ऐकणारी माणसं मला त्या शेडमध्ये मिळाली.

रविवारी सदा मटण करायचा. फौंड्रीत असताना त्याला घरात मीठ कुठे असतं हे माहीत नव्हतं, पण गावच्या जत्रेत बोकड शिजवायला हाच पुढे असायचा. रिटायर झाल्यावर त्याने तो हात घरात आणला. आधी वाटीभर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं गरम पाणी, मग तांबडा, मग पांढरा. त्याच्या पंक्तीत 'पुरे' हा शब्द चालायचा नाही. वाटीवर हात आडवा धरला तर हातावर ओतायला कमी करणार नाही असा माणूस. "रस्सा का जेवन हाय व्हय मास्तर? रस्सा म्हंजे पाणी. पाण्याला कोण नको म्हणतंय? घे की!" तिसरी वाटी झाल्याशिवाय त्याने कुणाला उठू दिल्याचं मला आठवत नाही. मला मधुमेह, इब्राहिमला बीपी, पण तिथे कुणाला सांगता सोय नाही.

एकदा आम्ही तिघे सायकलने नृसिंहवाडीला गेलो. या वयात एवढं अंतर, म्हणून घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. सदा वाटेत दिसेल त्या टपरीवर, दिसेल त्या बोअरवर थांबून पाणी पीत होता. इब्राहिम वैतागून म्हणाला, "सदा, रेडिएटर गळतोय काय तुझा?" घाटावर सदाने पाय धुवायला चप्पल काढली तर दोन्ही पावलांवर पट्ट्याचे खोल वळ. पाऊल सुजून पावासारखं झालेलं. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. "आज पेडल लई मारलं की रं," म्हणून तो हसला आणि आम्हीही हसलो. दर्शन घेतलं, बासुंदी खाल्ली, परत आलो. त्यानंतर महिनाभरात डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. बीपी कधीपासून वाढलेलं होतं कुणास ठाऊक. याने जन्मात कधी तपासलं नव्हतं.

मुलगा किडनी द्यायला तयार होता. डॉक्टर म्हणाले, जुळेल. सदाने सरळ नाही म्हणून सांगितलं. "पोराच्या पोटाला सुरी लावायची आन् आपण चहा पीत बसायचं? त्येला दोन लेकरं हायती." प्रशांतने पाय धरले, वहिनी रडल्या, मी भांडलो. चांगला कडाकडा भांडलो, महिनाभर बोलणं टाकलं होतं. काही उपयोग झाला नाही. अजूनही मी त्या गोष्टीवरून त्याच्यावर चिडलेला आहे आणि हे इथे लिहिताना तो राग खाली ठेवावा असं मला वाटत नाही.

मग मशीन सुरू झालं. एक दिवस आड जायचं, अर्धा दिवस पडून राहायचं, परत यायचं ते पिळून काढल्यासारखं. डाव्या मनगटापाशी सुया टोचायला शीर जोडून दिली होती, ती फुगून दोरखंडासारखी झाली होती आणि हात लावला की आत सतत थरथरायची. माझं बोट धरून तिच्यावर ठेवायचा. "बघ, डायनामो बसवलाय. आता अंधारात बी दिसतंय मला." मी बोट ओढून घ्यायचो. मला ते सहन व्हायचं नाही. पण मशीन, सुया, पथ्य हे सगळं त्याने सोसलं असतं. खरी गोष्ट पाण्याची होती. लघवी बंद झालेली, त्यामुळे पोटात गेलेला प्रत्येक घोट मशीनवर जाईपर्यंत अंगातच राहणार. जास्त झाला की छातीत पाणी भरणार, श्वास कोंडणार. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं आणि त्या मापातच चहा, त्यातच ताक, त्यातच गोळ्या घ्यायचं पाणी. घागर रिचवणाऱ्या माणसाला बघा काय वाटलं असेल.

माप ठेवायला वहिनींनी औषधाची टोपणं आणली, पेले आणले. सदाला त्यातलं काही पटेना. एके दिवशी शेडमध्ये बघतो तर जुन्या सायकलच्या पितळी घंटीचं टोपण घासून लखलखीत केलेलं, मधलं स्क्रूचं भोक कल्हईवाल्याकडून कथलाचा डाख मारून बुजवून आणलेलं. उलटं धरलं की बेताची वाटी. "पेल्यात प्यालं की आजारी असल्यावानी वाटतंय," म्हणाला. "ही आपली घंटी." तेव्हापासून त्याचं पाणी घंटीने. दिवसाच्या ठरलेल्या घंट्या वहिनी स्वतः भरून द्यायच्या आणि शेवटची झाली की सदा ती बाकावर पालथी घालायचा. टक् असा आवाज यायचा. "संपलं आजचं. आता चला, चेन बघूया." हात कामात असले की जीभ गप बसते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून दिवसभर तो काहीतरी खोलत बसायचा. चांगली चाकंसुद्धा खोलायचा.

वहिनी फार कडक होत्या. मला सांगून ठेवलं होतं, "भावजी, तुम्ही असताना पाणी मागितलं तर द्यायचं न्हाय. शपथ हाय तुम्हाला." मला त्याने कधी मागितलं नाही. मे महिन्यात एका दुपारी मी शेडकडे आलो तर हा परसातल्या नळापाशी उभा. नळ सोडलेला, उजवा हात धारेखाली धरलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता ओंजळ तोंडाला लावणार. मी ओरडणार होतो. पण नाही, नुसता हात धरून उभा होता. मला बघितल्यावर त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, "हात भिजला तरी जिभेला बरं वाटतंय रं." मग शेडमध्ये बसल्यावर एकदम म्हणाला, "मास्तर, भट्टीम्होरं एवढी वर्सं काढली. तहान म्हंजे काय त्ये मला म्हाईत हाय असं वाटत हुतं. काय सुदिक म्हाईत न्हवतं." मी तोंड फिरवून पान्यांचा डबा हुडकत बसलो.

आणि आता आमचा शहाणपणा ऐका. तहानेने जीव चाललेल्या माणसासमोर आम्ही फुरके मारत चहा प्यायचा, हे आम्हाला पाप वाटायला लागलं. विषय काढला इब्राहिमने. म्हणाला, "रोज्यात घरातली सगळी धरत्यात म्हणून जमतंय मास्तर. एकानं धरायचं आन् बाकीच्यांनी त्याच्याम्होरं खायाचं, हे न्हाय जमत. आपण बी धरूया त्याच्यासंगं." मला पटलं. त्याला काही सांगायचं नाही असं ठरलं. सदाने आधण ठेवलं की मी म्हणायचो, "पित्त झालंय." इब्राहिम म्हणायचा, "आत्ताच घेऊन आलोय." गल्लीतल्या इतरांनाही आम्ही कानात सांगितलं. सगळ्यांना गोष्ट पटली, सगळे हळहळले. रविवारचं मटणही आम्ही टाळायला लागलो, कारण तो करणार, आम्ही ओरपणार आणि तो बघत बसणार. माणसं शेडमध्ये यायची, सायकल टेकवून ठेवायची, "कसं हाय आता?" म्हणून हळू आवाजात विचारायची, थोडा वेळ बसायची आणि कोरडीच निघून जायची. हळूहळू यायचीही कमी झाली. शेगडी पोत्याखाली गेली. आम्ही मात्र आपण सदासाठी केवढं करतोय म्हणून एकमेकांकडे बघून मान हलवत होतो.

एका रविवारी तो फुटला. मी आणि इब्राहिम बाकावर बसलो होतो, तो खाली बसून पेडल खोलत होता. हातातलं पेडल त्याने पत्र्यावर भिरकावलं. "कवापासनं बघतोय मी! येतासा, बसतासा, तोंड बारीक करून उठून जातासा. चहा नको, पाणी नको. मयताच्या घरात असंच बसत्यात न्हवं? मग सांगा की, हितं कोण मेलंय? मी मेलोय काय?"

मी काहीतरी बोलायला गेलो तर माझ्यावरच उखडला. "तू गप! मास्तर हाईस न्हवं? तुला कळाय नको? अरं, जिता असताना मला सुतकात घातलासा की तुम्ही! गल्ली सगळी माझ्या दारातनं कोरडी जायला लागलीया. माझी बायको आत बसून रडतीया, कुणी घोटभर घेईना म्हणून."

इब्राहिम हळूच म्हणाला, "सदा, तसं न्हवं रं. तुझ्यासंगं आम्ही बी धरलंय. रोज्यासारखं…"

"रोजा?" सदा त्याच्याकडे बघत राहिला. "तुझा रोजा सांजच्याला सुटतोय इब्राहिम. माझा कवा सुटणार, त्येवढं सांग की."

इब्राहिमने मान खाली घातली. सदाच उठला. पोत्याखालची शेगडी काढली, आधण ठेवलं, आलं ठेचलं. कपबशा आमच्या हातात दिल्या आणि समोर डबा उलटा करून बसला. "प्या. बशीत ओतून प्या आन् आवाज करून प्या. मला ऐकू आला पायजे." आम्ही प्यालो. तो आमच्या तोंडाकडे बघत होता आणि विचारत होता, "आलं लागतंय काय? साखर बेताची हाय न्हवं? पत्ती जरा जास्त झाली का रं?" आम्ही सांगत गेलो आणि त्याचा चेहरा जरा जरा निवत गेला. शेवटी म्हणाला, "आता कसं, घर असल्यावानी वाटतंय."

त्या दिवसापासून चहा पुन्हा सुरू झाला, मटण सुरू झालं, माणसं यायला लागली. स्वतःला रश्शाचा थेंब नाही, मीठ नाही, खोबरं नाही. नुसत्या वासावर तांबडा-पांढरा करायचा आणि वाटीवर वाटी ओतायचा. "माझ्या वाटणीचं बी तूच पी. वाया कशाला घालवायचं?" त्याच्यासमोर पिणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, हे मी शपथेवर सांगतो. बरं वाटायचं ते त्याला. आम्हाला कधीच वाटलं नाही.

शब्द घेतला तोही त्याच काळात. चाकाच्या तारा आवळत होता, मी चाक धरलं होतं. मान वर न करता म्हणाला, "मास्तर, मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी माणसं दारात येऊन बसतील. कोरडी बसतील. मला न्हाय चालायचं. तू चहा मागायचास."

"गप की, काय बोलतोस!"

"मागायचास. सगळ्यांच्या देखत."

"अरे, सुतकात चूल पेटत नाही. कुठनं देणार चहा?"

"त्ये मी बघतो. तू निस्तं मागायचास."

"मेल्यावर काय बघतोस, कपाळ?" मी चिडून म्हणालो. तो एवढा हसला की त्याला धाप लागली. मग माझा हात चाकावरून काढून आपल्या त्या डायनामोवर ठेवला आणि म्हणाला, "शबूद दे." मी दिला.

शेवटचे महिने वाईट गेले. मशीनवर बीपी खाली जायचं, पायात गोळे यायचे, ओरडायचा. चेहरा काळवंडला, अंगाला खाज सुटली, भूक गेली. चार पावलं चालला की थांबायचा. सायकल तर कधीच सुटली होती, पण शेड सुटली नाही. पाना हातात धरायचा आणि कधी कधी तसाच बसून राहायचा. माझ्या सायकलचं पुढचं चाक त्याने शेवटी खोललं, ते तेवढं जोडून झालं. ब्रेक राहिला…

त्याला आम्ही त्याच संध्याकाळी पोहोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात ताडपत्री अंथरलेली, त्यावर गल्ली आणि भावकी बसलेली. मुरगूडहून थोरले अण्णा आलेले, सदाचे चुलतभाऊ, रीतीभातीचा शेवटचा शब्द त्यांचा. ऊन चढत होतं. माणसं येत होती, हात जोडत होती, घटकाभर बसून उठत होती. कोरडीच. मी तोंड उघडायचं म्हणून तीनदा घसा खाकरला असेन. एकदा म्हणालो, "अण्णा…" त्यांनी बघितलं. मी म्हणालो, "ऊन वाढलंय न्हाय?" ते म्हणाले, "व्हय." झालं! पन्नास पोरांच्या वर्गावर ओरडणारा मी, आणि दोन शब्द बाहेर पडेनात. इब्राहिम माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं.

एवढ्यात शेडच्या बाजूने वहिनी आल्या. हातात चहाची किटली, मागे सून कपबशांचं ताट घेऊन. अण्णा म्हणाले, "सुमन, अगं काय हे? घरात चूल पेटवायची न्हाय आज."

"घरातली न्हाय पेटवली अण्णा," वहिनी म्हणाल्या. रडून रडून आवाज बसला होता, पण शब्द ठाम होते. "शेडातली शेगडी पेटवलीया. ती ह्यांची. ह्यांनीच सांगून ठेवलंतं, शेडाला सुतक न्हाय." मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, सकाळपासनं तुमची वाट बघालोय. हे म्हणालते, मास्तर शबूद देतोय खरं, पर वेळेला त्याचा घसा बसतोय. उन्हं डोक्यावर आली तरी मागला न्हाय तर तूच दे."

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर दुसरंही सगळं फुटलं. चहा पुढे आला, पण एकही हात ताटाकडे जाईना. सगळे अण्णांकडे बघत होते. मी कप उचलला, बशीत ओतला आणि आवाज करून प्यालो. आलं नीट लागलं होतं. प्यालो आणि रिकामी बशी पुढे करून सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, अजून घाला." त्यांनी घातला. मग इब्राहिमने घेतला. मग गल्लीतल्या एकाने. अण्णा बराच वेळ मांडीवर हात ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "आण हिकडं. पोरगं पहिल्यापासनं हट्टीच."

सगळ्यांचा झाल्यावर वहिनी आत गेल्या, आणि त्यांना आधार द्यायला म्हणून मी आणि इब्राहिम दारापर्यंत गेलो. आतल्या खोलीत कोपऱ्यात पिठावर दिवा लावलेला होता आणि त्याच्याशेजारी, जाणाऱ्याला पाणी म्हणून, भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे एक लहानसं फुलपात्र भरून ठेवलं होतं. वहिनी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "एवढंसं कुणी ठेवलं हे?" म्हणाल्या. त्यांनी ते फुलपात्र उचललं, स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून घागर ओढल्याचा आवाज आला. तीच तांब्याची घागर, काठोकाठ भरलेली. त्यांना उचलेना. "प्रशांत, धर की रं." पोराने आणि मी मिळून ती दिव्याशेजारी नेऊन ठेवली. वहिनी खाली बसल्या, घागरीच्या काठाला हात लावला आणि मोठ्याने रडल्या. "ह्या हातांनी मोजून दिलं हो मी. हात जोडायचे, अर्धी घंटी दे म्हणायचे, तरी मोजूनच दिलं. आता पिऊ दे. पोटभर पिऊ दे त्यांना."

इब्राहिम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. "सुटला रं सदा," एवढंच म्हणाला. "सुटला तुझा रोजा."

याला आता काही आठवडे झाले. आम्ही रोज दुपारी शेडमध्ये जातो. आधण इब्राहिम ठेवतो, साखर जास्त टाकतो, मी बोलतो, तो ऐकत नाही. कुणी सायकल घेऊन आलं तर आधी चहा, मग आम्हाला जमेल तेवढी दुरुस्ती, म्हणजे बहुतेक वेळा नुसता चहाच. माझा ब्रेक तसाच आहे. बाकावर त्याचे पाने, ग्रीसचा डबा आणि ती घंटी. पहिल्यांदा आम्ही दोघे तिथे परत गेलो तेव्हा ती उघड्या तोंडाने ठेवलेली होती. दिवसाचं पाणी संपलं की तो ती पालथी घालायचा, हे मी वर सांगितलंच. शेवटच्या दिवशी सकाळी ती सरळ ठेवून तो मशीनवर गेला, त्यामुळे त्याच्या वाटणीच्या घंट्या शिल्लकच राहिल्या. ती पालथी घालायला माझा हात होत नाही, इब्राहिमचाही होत नाही. कपबशा विसळून झाल्या की तो ती फडक्याने आतून पुसतो आणि होती तशीच ठेवून देतो.